महिन्याची पिशवी आणि गप्पांचे पान: बडोद्यातील एका वाचनसेवेचा सहा महिन्यांचा अनुभव

दांडिया बाजारातील एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षिका मुलांसाठी छोटी वाचनसेवा चालवितात. दर महिन्याला एक कापडी पिशवी घरी येते. तीत प्रकरणांचे एक मराठी पुस्तक, मुलासाठी एक कोरी वही आणि पालकांसाठी एक जाड कागद असतो; वाचताना कोठे थांबावे आणि मुलांशी काय बोलावे ते त्यावर लिहिलेले असते. बाई त्या कागदाला ‘गप्पांचे पान’ म्हणतात. वर्गणी तीन महिन्यांची ९०० रुपये, शिवाय पुस्तकांची अनामत ५०० रुपये. सेवेला पाटी नाही की नाव नाही. ओळखीच्या घरातून शब्द गेल्याखेरीज बाई नवा सभासद घेत नाहीत आणि आपले नाव कोठे छापून येऊ नये अशी त्यांची इच्छा आहे, त्यामुळे ते येथेही येणार नाही. आम्ही दोन तिमाह्या पूर्ण केल्या आहेत. ज्यांच्यापर्यंत त्यांचे नाव ओळखीतून पोहोचले आहे आणि जे घ्यावे की न घ्यावे या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे.

आधी आमच्या घराची स्थिती सांगितली पाहिजे, कारण सेवेचा उपयोग घराघरांत निराळा होईल. मुलगी आठ वर्षांची, इंग्रजी माध्यमात तिसरीत. मुलगा सहा वर्षांचा. शाळेत हिंदी असल्याने देवनागरी अक्षरे दोघांनाही ओळखीची, घरात मराठी आणि गल्लीत गुजराती. मुलगी चित्रांच्या गोष्टी एका बैठकीत संपवीत असे. परंतु पानभर मजकूर आणि पंधरा पानांनी एखादे चित्र असे पुस्तक हाती दिले की दुसऱ्या पानावर तिला तहान लागत असे. गफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाचे एक साधे सूत्र मांडले: लिपी उलगडण्याची क्षमता गुणिले भाषेची समज. बेरीज नव्हे, गुणाकार. दोहोंपैकी एक बाजू लंगडी असेल तर दुसरी कितीही भक्कम असली तरी हाती फारसे काही लागत नाही. आमच्याकडे लिपीची बाजू हिंदीने सांभाळली होती आणि बोलण्यातले मराठीही ठीक होते, पण पुस्तकातले मराठी, म्हणजे ओसरी, पडवी, माजघर, ‘तो उद्गारला’, ‘तिला गहिवरून आले’ हे सारे, मुलांच्या कानांवर कधी पडलेच नव्हते. ते पडायचे तर कोणीतरी मोठ्याने वाचले पाहिजे आणि मध्ये मध्ये बोलले पाहिजे, हे आम्हालाही कळत होते. काय बोलावे, ते मात्र कळत नव्हते.

पहिल्या पिशवीतून साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ निघाले तेव्हा मी नाक मुरडले, हे कबूल करते. आठ वर्षांच्या मुलीला इतके जुने, इतके रडविणारे पुस्तक कशाला, असे मला वाटले. बाईंनी कारण सांगितले ते पटण्याजोगे होते. गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९३५ मध्ये छापून आलेल्या या पुस्तकात प्रकरणांना प्रकरण म्हटलेलेच नाही. तेथे ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ असा क्रम आहे. श्याम रोज रात्री मित्रांना एक आठवण सांगतो. प्रत्येक रात्र आपल्यापुरती पूर्ण असते, परंतु माणसे तीच राहतात, म्हणून प्रकरणांच्या पुस्तकाची सवय नसलेल्या मुलाला कालचे धागे आजपर्यंत आणण्याचा सराव बिनबोभाट होतो. शिवाय सारे पुस्तक वाचायचे नव्हतेच. गप्पांच्या पानावर नऊ रात्रींची यादी होती आणि शेवटच्या काही रात्रींपुढे ‘दोन वर्षांनी’ एवढेच लिहिलेले होते.

त्यांतील पोहण्याच्या रात्रीविषयी थोडे विस्ताराने सांगते, कारण या सेवेत जे चांगले आहे ते मला त्या एका बैठकीत दिसले. श्याम पाण्याला भितो आणि पोहायला जायचे टाळण्यासाठी माळ्यावर लपून बसतो. पानावर सूचना होती की येथे पुस्तक मिटावे, ‘आता आई काय करील?’ एवढा एकच प्रश्न विचारावा आणि त्यानंतर मनातल्या मनात दहा आकडे मोजावेत. मी चारपर्यंत पोहोचले आणि माझे तोंड उघडलेच होते, तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मुलीचा पहिला प्रश्न माळ्याविषयीच होता. तिच्या मनात माळा म्हणजे वरचा मजला होता. आजीने छताखालच्या अडगळीच्या जागेचे वर्णन केले तेव्हा तिचा चेहरा उजळला: “म्हणजे माळियुं!” गल्लीतल्या गुजरातीने कोकणातल्या घराचे दार उघडून दिले. मग ती म्हणाली, “आई वर जाणारच नाही. ती खाली भजी तळेल. वास आला की तो आपोआप उतरेल.”

पुढे वाचले. पुस्तकातली आई भजी तळत नाही; ती शिंपटी घेते. खोलीत कोणी बोलेना. नंतर मुलगी हळूच म्हणाली, “तिला भजी सुचली नाहीत म्हणून तिने मारलं.” सासूबाईंना ते रुचले नाही. त्यांच्या मते त्या आईने योग्य तेच केले, नाही तर पोरगा जन्मभर भित्रा राहिला असता. आजी आणि नात यांची त्यावर दहा-बारा मिनिटे जुंपली. नंतर त्याच आईचे डोळे श्यामच्या पाठीवरचे वळ पाहून भरून येतात, तो भाग वाचल्यावर दोघीही आपापल्या जागेवरून थोड्या सरकल्या, पण एकमत झाले नाही. धाकटा मधूनच विचारीत होता, “पण त्याला पोहता आलं का?” गप्पांच्या पानाच्या तळाशी एक वाक्य होते: घरातील वडीलधाऱ्यांचे मत निराळे असेल तर ते मुलासमोर निराळेच राहू द्यावे. ते वाक्य नसते तर मी मध्यस्थी केली असती, दोघींचेही कसे बरोबर आहे हे समजावून सांगितले असते आणि सारी मजा घालविली असती.

दहा आकडे मोजण्याची ही युक्ती बाईंच्या पदरची नाही. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतील संभाषणे तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात असे तिला आढळले. तो अवकाश तीन सेकंदांवर नेला तरी मुलांची उत्तरे लांब होतात आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. घरात आपण शिक्षकांहून उतावळे असतो. दिवसभराच्या कामानंतर, ओटा आवरायचा राहिलेला असताना, दहा आकडे फार लांब वाटतात. बाईंनी वर्गणीच्या बदल्यात दुसरे काहीही दिले नसते आणि एवढेच शिकविले असते, तरी मी तक्रार केली नसती.

दुसरी उपयोगाची गोष्ट आमच्याकडे योगायोगाने सुरू झाली आणि बाईंनी ती नंतर इतरांच्या पानावरही घातली. सासूबाईंची मालिका नऊ वाजता संपते आणि आमचे वाचन पावणेनऊला सुरू होते. त्यामुळे त्या रोज अर्धे प्रकरण गेल्यावर येतात आणि खाटेवर टेकता टेकता विचारतात, “काय झालं गं आत्तापर्यंत?” या प्रश्नाला मुलगी जसे उत्तर देते तसे माझ्या कोणत्याही प्रश्नाला देत नाही. कारण उघड आहे. मी विचारते तेव्हा उत्तर मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक असते; ती परीक्षा असते. आजीला खरोखरच माहीत नसते, म्हणून नातीला सारे नीट जुळवून, नावे न गोंधळता, महत्त्वाचे आधी घेऊन सांगावे लागते. शाळेत सारांशलेखन म्हणून जे घोकून घेतात ते येथे मालिकेच्या कृपेने होते. तेव्हापासून उत्तर मला आधीच माहीत असलेला प्रश्न शक्यतो विचारायचा नाही, असे मी ठरविले आहे. ते वाटते त्यापेक्षा अवघड आहे.

आता तक्रारी. दुसऱ्या महिन्यातील पुस्तक साहसकथेचे होते आणि चांगले होते, परंतु त्यासोबतचे पान पाहून माझा हिरमोड झाला. प्रत्येक प्रकरणाखाली चार प्रश्न: नायकाचे तीन गुण सांगा, रिकाम्या जागा भरा, अमुक वाक्य कोण कोणास म्हणाले. मुलीने ते पान पाहिले, उठून दप्तरातून पेन्सिल आणली आणि विचारले, “किती मार्कांचं आहे?” त्या महिन्यात तिने प्रश्नांची उत्तरे मिळतील एवढेच वाचले. मी बाईंना फोन केला तेव्हा त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. अनेक पालकांना ‘लेखी काहीतरी’ हवे असते, त्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाहीत, म्हणून त्या अधूनमधून असे पान काढतात. मी तशी पाने नकोत असे सांगितल्यावर पुढच्या महिन्यापासून आमच्या पिशवीत पान आले त्याची मागची बाजू कोरी होती. नव्या सभासदांनी हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावे. न सांगितल्यास पेन्सिलीचे पान येण्याचा संभव आहे.

तिसऱ्या महिन्याच्या पानावर दर दोन पानांनी थांबण्याची खूण होती. तिचे मूळ कोठे आहे ते मला वाटते मी ओळखते. व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आईवडिलांना चित्रांचे पुस्तक वाचताना सतत प्रश्न विचारून मुलालाच गोष्ट सांगायला लावण्याचे शिक्षण दिले होते, आणि महिनाभरात त्या मुलांची बोली भाषा इतर मुलांच्या बरीच पुढे गेली. मात्र ती मुले दोन-अडीच वर्षांच्या आसपासची होती आणि पुस्तके चित्रांची होती. आठ वर्षांच्या मुलीला भुयारात शिरलेल्या दोघा भावांपाशी दर दोन पानांनी थांबविणे म्हणजे बसने प्रत्येक खांबापाशी थांबण्यासारखे आहे. चौथ्या थांब्याला ती म्हणाली, “आई, तू वाच ना आधी.” आम्ही त्या खुणा सोडून दिल्या. हल्ली आम्ही प्रकरणात जास्तीत जास्त एकदा थांबतो, तेही लेखकाने स्वतः श्वास घेतला असेल तेथे. उरलेले बोलणे दुसऱ्या दिवशी, बहुधा रिक्षात किंवा भाजी निवडताना, आपोआप होते.

बाईंशी माझा एक मतभेद अजून मिटलेला नाही. त्यांचे म्हणणे असे की पालकाने पुढचे प्रकरण आधी वाचू नये. कठीण शब्दांसाठी नजर फिरवावी, पण गोष्ट मुलाबरोबरच कळू द्यावी, म्हणजे कुतूहल खोटे होत नाही. विचार सुंदर आहे आणि वर मी आजीविषयी जे लिहिले त्याच्याशी सुसंगतही आहे. परंतु चौथ्या पुस्तकात रात्री सव्वानऊ वाजता, कोणतीही चाहूल नसताना, गोष्टीतला कुत्रा मेला. मुलीने पांघरूण डोक्यावर ओढून घेतले. धाकटा अकरा वाजेपर्यंत हुंदके देत होता आणि दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या कुत्र्याला पाहून पुन्हा सुरू झाला. मुलांना दुःखद प्रकरणे वाचून दाखवू नयेत असे मी मुळीच म्हणत नाही. ती रविवारी दुपारी वाचावीत, झोपण्यापूर्वी वाचू नयेत, एवढेच म्हणते. त्यासाठी पुढचे प्रकरण आधी वाचलेच पाहिजे. मी वाचते आणि बाईंना तसे सांगते. त्या मान हलवितात.

व्यवस्थेचा भाग मध्यम आहे. पाचव्या महिन्याची पिशवी बारा दिवस उशिरा आली, कारण आधीच्या घराने पुस्तक परत केले नव्हते आणि बहुतेक पुस्तकांची एकेकच प्रत असते. शिवाय त्या प्रतीत ५७ ते ६४ ही पाने नव्हती. बाईंनी दुसरीकडून त्या पानांची छायाचित्रे मिळवून फोनवर पाठविली, पण त्यात तीन दिवस गेले आणि तेवढ्यात मुलीचे मन पुस्तकावरून उडाले. ते आजही अर्धवट आहे. पिशवी देण्यापूर्वी पाने मोजली जावीत ही अपेक्षा ९०० रुपयांत अवाजवी नाही.

मग हे पैसे नेमके कशाचे, असा प्रश्न आमच्या यजमानांनी विचारला आणि तो बडोद्यात विचारलाच पाहिजे. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून गावोगाव ग्रंथालयांचे जाळे विणले. त्यातच फिरत्या ग्रंथालयांच्या लाकडी पेट्या होत्या. पुस्तकांनी भरलेली पेटी खेड्यात जाई आणि वाहतुकीचा खर्च संस्थान सोसत असे. बाईंच्या ओसरीवर पुस्तकांची एक जुनी पेटी आहे आणि आपल्या पिशवीची कल्पना आपल्याला त्या पेट्यांवरूनच सुचली असे त्या सांगतात. मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मराठी पुस्तके आजही आहेत. ज्याला केवळ पुस्तके हवीत त्याने तेथे जावे, या पिशवीची गरज नाही. मुलाला बसवून घेतले, पान उलटले, आता पुढे काय, येथे ज्याची गाडी अडते त्याच्यासाठी ही सेवा आहे.

आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी बाईंकडे होणारी मुलांची बैठक हा तिचा सर्वांत उजवा भाग आहे. सकाळी दहा ते साडेअकरा, सहा-सात मुले ओसरीवर गोल करून बसतात. पालकांनी मागे भिंतीला टेकून बसायचे आणि एक अक्षर बोलायचे नाही, अशी अट आहे. एका वडिलांनी आपल्या मुलाला उत्तर पुटपुटून सांगितले, तेव्हा बाईंनी त्यांना शेंगदाणे सोलायला स्वयंपाकघरात पाठविले. मुलांचे मराठी बडोद्याचे असते. परवा एक मुलगा म्हणाला, “ही वार्ता मला आवडली, पण शेवट नाही आवडला.” गुजरातीत वार्ता म्हणजे गोष्ट आणि मराठीत बातमी. एखादी शिक्षिका तेथेच थांबून शब्द सुधारती. बाईंनी फळ्यावर ‘वार्ता’ आणि ‘गोष्ट’ असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले आणि त्याला विचारले, “शेवट तू कसा केला असतास?” त्याने केलेला शेवट फारसा बरा नव्हता आणि बाकीच्या मुलांनी त्याला ते सांगितलेही, पण आपला शेवट का चालत नाही यावर तो दहा मिनिटे भांडला. भांडताना त्याने पुस्तकातली तीन ठिकाणे उघडून दाखविली, आणि पुस्तक परत उघडण्यासाठी याहून चांगले निमित्त मला तरी ठाऊक नाही.

बैठकीत तात्पर्य सांगितले जात नाही. भावनगरचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांचे नाव बाईंच्या बोलण्यात वारंवार येते. गोष्ट आधी आनंदासाठी, हे त्यांचे म्हणणे आणि ताराबाई मोडकांनी भावनगरला त्यांच्या सोबतीने केलेले काम बाई आपल्या घरातल्या आठवणीसारखे सांगतात. काही पालकांना हे खटकते. एका आजोबांनी बैठकीच्या शेवटी उभे राहून “तर मुलांनो, यावरून आपण काय शिकलो?” असे विचारलेच. मुले चिक्कीच्या डब्याकडे पाहत राहिली.

वहीविषयी एवढेच की आमच्या वहीत सहा महिन्यांत साडेतीन पाने भरली आहेत आणि त्यांपैकी दोन धाकट्याच्या कुत्र्याच्या चित्रांची आहेत. कोणी विचारीत नाही, हे बरे आहे.

मुलगी आता स्वतः होऊन एका वेळी एक प्रकरण मनात वाचते, कधी दोन. हा पिशवीचा परिणाम की वयाचा, ते ठरविण्याचा मार्ग आमच्याकडे नाही. रात्रीचे मोठ्याने वाचन आम्ही थांबविलेले नाही, कारण तिच्या वाचनशक्तीपेक्षा तिची ऐकण्याची समज अजून दोन पायऱ्या वर आहे. शिवाय सासूबाईंना आता मालिकेपेक्षा या गोष्टीचीच अधिक उत्सुकता असते. तरी त्या नऊनंतरच येतात, कारण नातीने तसे बजावले आहे.

तिसऱ्या तिमाहीची वर्गणी आम्ही भरली आहे. ज्यांना एका मुलासाठी दोन पुस्तके हवी असतील त्यांना नकार मिळेल. दोन मुलांसाठी एकच पिशवी घेतल्यास चालते, परंतु सहा आणि आठ या वयांना एकच पुस्तक दर वेळी जमत नाही, हे आधी समजून घ्यावे. पाच वर्षांखालील मुलांना त्या घेत नाहीत. पैसे रोख द्यावेत किंवा फोनवरून पाठवावेत, पावती वहीच्या मागच्या पानावर मिळते. पुस्तक बदलायला जाणार असाल तर सकाळी जावे; दुपारी एक ते चार या वेळात बाई दार उघडत नाहीत.